कयाधूचे गोटे आणि चारींतला गाळ

नदीच्या कांठीं तीर्थें असतात आणि कालव्याच्या कांठीं शेतें. म्हणून नदीकडे आपण दर्शनाला जातों, आणि कालव्याकडे बहुधा भांडणाला. गेल्या पौषांत या दोन्ही कामांसाठीं मला एकदमच घराबाहेर पडावें लागलें. हिंगोलीहून नरसीस जाऊन नामदेवमहाराजांचें दर्शन घ्यावें, तेथून औंढ्यास नागनाथापुढें माथा टेकावा, आणि मग सिद्धेश्वरच्या धरणावरून कालव्याच्या कांठाकांठानें बसमतकडील आमच्या मूळ गांवीं उतरावें, असा बेत होता.

गांवचें काम नाजुक होतें. आमच्या शेताजवळून पुढें जाणाऱ्या चारीच्या अगदीं टोकाला माझ्याच वयाच्या एका शेतकऱ्याची जमीन आहे. लहानपणीं आम्ही एका शाळेंत होतों. त्यानें निरोप धाडला होता, "गुरुजींना म्हणावं, एकदा येऊन डोळ्यानं बघा. दोन वर्षं झाली, पाणी सुटतं, पण माझ्यापर्यंत पोचत नाही." आमची शेती धाकटे बंधू पाहतात. त्यांचें म्हणणें असें कीं, गाळ वरून येतो व चारी भरून टाकतो. त्याला आपण काय करणार? दोघांचेंही म्हणणें जागेवर जाऊन ऐकावें, असें मीं ठरविलें. बरोबर माझ्या मुलीचा मुलगा होता. तो स्थापत्यशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि आजोबांना कांहीं शिकविण्याची संधि तो सहसा दवडीत नाहीं.

हिंगोली जिल्हा तसा नवा. १९९९ सालच्या १ मे रोजीं तो परभणीपासून वेगळा झाला. त्याच्या नद्या मात्र पुराण्या. उत्तरेच्या व पूर्वेच्या अंगानें पैनगंगा, दक्षिणेकडे पूर्णा, आणि मधून वाहणारी कयाधू. कयाधू पुढें पैनगंगेस मिळते, पूर्णा गोदावरीस. नरसी हें गांव कयाधूच्या कांठचें. नामदेवमहाराजांचें जन्मस्थान म्हणून वारकऱ्यांची तेथें सदैव ये-जा असते. दर्शन झाल्यावर आम्ही पात्रांत उतरलों.

पौषांतली कयाधू म्हणजे विस्तीर्ण पात्राच्या एका कडेनें जाणारी बारीक धार. परंतु श्रावण-भाद्रपदांत तिनें केलेला सगळा व्यवहार या दिवसांत पात्रामध्यें जमाखर्चासारखा मांडलेला दिसतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूस काळ्या मातीची दरड उभी कापलेली होती. आंतल्या बाजूस वाळूचा पसरट ओटा तयार झालेला होता. धारेजवळ नारळाएवढे काळे गोटे, त्यांच्या अलीकडे सुपारीएवढे खडे, मग भरड वाळू, मग बारीक वाळू, आणि कांठाला लागून वाळून भेगाळलेल्या चिखलाची पापडासारखी पातळ साय. घरांत बायका सुपांत धान्य पाखडतात, तेव्हां दाणे एकीकडे व कोंडा एकीकडे होतो, तशीच ही निवड होती.

"हें कोणीं निवडून ठेविलें रे?" मीं नातवास विचारलें.

"वेगानं, आजोबा," तो म्हणाला.

मग त्यानें वाळूवर काडीनें आकृति काढून सांगितलें. नदीचें पाणी सर्वत्र सारख्या वेगानें वाहत नाहीं. तळाशीं व कांठाशीं तें घासलें जातें म्हणून मंद असतें. मध्यावर, पृष्ठभागाच्या किंचित् खालीं, त्याचा वेग सर्वांत अधिक असतो. वळणावर बाहेरच्या बाजूस पाणी जोरानें येऊन दरड पोखरतें, आंतल्या बाजूस तें रेंगाळतें आणि हातांतलें ओझें टाकून देतें. हें ओझेंही दोन प्रकारचें. बारीक माती पाण्याच्या लहानमोठ्या भोवऱ्यांत तरंगत राहते. तिच्यामुळेंच पुराचें पाणी गढूळ दिसतें. जाडी वाळू व खडे मात्र तळावरून घरंगळत, उड्या घेत पुढें जातात. वेग कमी होऊं लागला म्हणजे प्रथम गोटे थांबतात, मग खडे, मग वाळू, आणि पाणी अगदींच निवांत झालें म्हणजे शेवटीं चिखल.

पुढें त्यानें जें सांगितलें तें मला अपूर्व वाटलें. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर तें ढकलूं शकेल अशा दगडाचें वजन दुप्पट होत नाहीं, चौपटही होत नाहीं. तें ६४ पट होतें! केंब्रिजचे गणिती विल्यम हॉपकिन्स यांनीं एकोणिसाव्या शतकांत हा हिशेब मांडला. त्यांत चमत्कार कांहीं नाहीं. दगडावर पडणारा रेटा वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो, आणि तो पडतो दगडाच्या छातीवर, म्हणजे क्षेत्रफळावर. उलट दगडाचें वजन असतें घनफळाच्या प्रमाणांत. म्हणून वेग दुप्पट होतांच लांबी, रुंदी व जाडी या तिन्हींत चौपट असलेला दगडही हलूं शकतो. आणि चार गुणिलें चार गुणिलें चार म्हणजे चौसष्ट. एरवीं पायाला गुदगुल्या करणारी कयाधू पुरांत नारळाएवढे गोटे कशी वाहून नेते, याचा उलगडा मला त्या दिवशीं झाला.

संस्कृतांत नदीला निम्नगा म्हणतात, म्हणजे खालीं जाणारी. आणि कूलंकषाही म्हणतात, म्हणजे कांठ खरवडणारी. हे शब्द मीं अनेक वर्षें मुलांकडून पाठ करून घेतले, पण एका यादींतले दोन शब्द म्हणून. ती निम्नगा आहे म्हणूनच कूलंकषा होते, उतार वेग देतो व वेग कांठ खातो, हें मुलांना मीं कधीं सांगितलें नाहीं. कारण तें माझ्याच ध्यानांत आलेलें नव्हतें.

औंढ्याचें दर्शन आटोपून दुपारीं आम्ही सिद्धेश्वरच्या धरणावर पोंचलों. वरच्या अंगाला, परभणी जिल्ह्यांत, पूर्णेवर यलदरीचें धरण आहे. तेथील वीजघरांतून बाहेर पडलेलें पाणी पुन्हां नदीच्या पात्रानें सिद्धेश्वरास येतें, येथें पुन्हां अडविलें जातें, आणि मग कालव्यांत सोडलें जातें. दोन्ही धरणें १९६८ सालीं पुरीं झालीं. हिंगोली, परभणी आणि नांदेड या तिन्ही जिल्ह्यांतील शिवारें या पाण्यावर भिजतात. बसमतकडचा ऊस, केळी व हळद यांच्या मागें हेंच पाणी उभें आहे.

नरसीला धांवणारी नदी पाहिल्यावर येथें थांबलेली नदी पाहिली. पाणी थांबलें म्हणजे त्याच्या हातचें सगळें खालीं पडतें. मात्र ज्याचा त्याचा पडण्याचा काळ निराळा. एक पंचमांश मिलिमीटर जाडीचा वाळूचा कण शांत पाण्यांत १ फूट खालीं उतरावयास सुमारें १५ सेकंद घेतो. आमच्या काळ्या मातींतला चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या पांचशेंव्या भागाएवढा बारीक. त्याला तेंच १ फूट उतरावयास जवळजवळ एक दिवस लागतो. म्हणून जाडी वाळू जलाशयाच्या वरच्या तोंडाशींच, जेथें नदीचा वेग प्रथम मोडतो तेथें, पडून राहते; बारीक माती आंतपर्यंत येते आणि तळाशीं बसते. सिद्धेश्वरचा एकूण साठा सुमारें २५० दशलक्ष घनमीटर, पण त्यांतला उपयोगी साठा ८१ दशलक्षांच्या आसपास. बाकीचा मृत साठा. ही खालची जागा गाळालाही उपयोगी पडते. गाळ मात्र आपल्या सोयीप्रमाणें तेवढ्याच जागेंत जाऊन बसत नाहीं, हें सर्व धरणांचें दुखणें आहे. राज्य शासनानें २०१७ सालीं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली, ती तलावांत बसलेली ही माती पुन्हां शेतांत नेऊन टाकावी म्हणून. शेतांतून गेलेलें धन शेतास परत, असा तिचा सरळ अर्थ.

"म्हणजे धरणांतून कालव्यांत येणारं पाणी बहुतेक निवळच," नातू म्हणाला. माझ्या मनांत एकदम बंधूंचें वाक्य आलें. गाळ वरून येतो, असें ते म्हणत होते. धरणांतून जर तो फारसा येत नाहीं, तर आमच्या चारींत कोठून येतो?

कालव्याला पाणी सुटलेलें होतें. नातवानें कांठावर १०० फूट मोजून दोन खुंट्या ठोकल्या, ज्वारीच्या वाळल्या ताटाचा वीतभर तुकडा मध्यधारेंत टाकला आणि मला घड्याळ धरावयास सांगितलें. तुकड्याला ३४ सेकंद लागले. म्हणजे पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सुमारें ३ फूट. सगळ्या पाण्याचा सरासरी वेग याच्या पंच्याऐंशी टक्के धरतात. तो झाला अडीच फूट. काळ्या मातीच्या कालव्यांत वेग सेकंदाला २ ते ३ फुटांच्या पुढें जाऊं देऊं नये, असा इंजिनियरांचा नियम आहे. जाऊं दिल्यास कालवाही कूलंकषा होतो आणि भराव खातो.

आणि फार कमी झाला तर? याचें उत्तर १८९५ सालीं केनेडी नांवाच्या इंजिनियरानें दिलें. पंजाबांत बारी दुआबाचा वरचा कालवा आहे. त्याच्या ज्या ज्या भागांत वर्षानुवर्षें गाळही साचला नव्हता व तळही खणला गेला नव्हता, असे भाग त्यानें निवडले, आणि तेथील खोली व वेग मोजून दोहोंचा मेळ बसविला. खोली ४ फूट असेल तर वेग सेकंदाला सुमारें २ फूट हवा. खोली १ फूट असेल तर पाऊण फुटाहून थोडा अधिक पुरतो. याहून मंद झालात तर गाळ बसेल, याहून उतावीळ झालात तर तळ उखडेल. पुढें १९३० च्या सुमारास लेसीनें हा विचार आणखी व्यापक केला. पुण्याजवळ खडकवासल्याच्या संशोधनकेंद्रांत सर क्लॉड इंग्लिस यांनीं नद्याकालव्यांच्या लहान प्रतिकृति करून याच प्रश्नांवर पुष्कळ वर्षें काम केलें. त्यांचा मोठा ग्रंथ १९४९ सालीं निघाला. पंजाबची वाळू आणि मराठवाड्याची काळी माती एक नव्हे, तेव्हां केनेडीचा आंकडा येथें जसाच्या तसा चालणार नाहीं. बारीक गाळाला त्याहून थोडा कमी वेगही पुरतो. परंतु मोजपट्टी हातीं आली होती.

सायंकाळीं आम्ही गांवीं पोंचलों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं बंधू, टोकाचे ते शेतकरी, नातू आणि मी असे चौघे चारीवर गेलों. प्रथम आमच्या शेताच्या बऱ्याच वर जाऊन मोजलें. खोली १ फूट; ५० फुटांस ४८ सेकंद; सरासरी वेग सेकंदाला पाऊण फुटाहून किंचित् अधिक. चारीचा तळ स्वच्छ होता. मग आमच्या शेताशीं आलों. येथें पाणी दीड फूट खोल दिसत होतें, परंतु तेवढ्याच ५० फुटांस १३० सेकंद लागले. सरासरी वेग हवा त्याच्या एक तृतीयांशच पडला. काठी खुपसली तर गाळांत हातभर आंत गेली. त्याखालच्या भागांत पाणी चार बोटें, दोहों बाजूंनीं लव्हाळा, पाणकणीस आणि बेशरमाचीं झुडपें. ताटाचा तुकडा दहा पावलांवर गवतांत अडकून बसला. गवत वाढून चारीचा खडबडीतपणा दुप्पट झाला, तर तितक्याच उतारावर व तितक्याच खोलीस पाण्याचा वेग निम्मा होतो. वेग निम्मा झाला कीं गाळ बसतो, गाळावर पुन्हां गवत येतें, आणि हें चक्र मग आपोआप फिरत राहतें.

गाळाचें मूळही तेथें दिसलें. काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते, पावसाळ्यांत फुगून कांठांवरून ढासळते, गुरांच्या पायवाटांनीं चारींत उतरते. निवळ पाणी आलें तरी घरची माती त्याला भेटतेच. वरच्या भागांत पाणी ती पुढें घेऊन जात होतें. आमच्या शेताशीं मात्र टाकून देत होतें. असें कां, तें शोधावयास दूर जावें लागलें नाहीं. आमच्या वाफ्याच्या तोंडाशीं चारींत आडवे दगड रचलेले होते, त्यांवर मातीनें भरलेलीं पोतीं होतीं. आमची वरची पट्टी थोडी उंच आहे. पाणी तुंबवून चढविल्याखेरीज तेथें पोंचत नाहीं.

"दादा, हे काही मी सुरू केलेलं नाही," बंधू खालच्या आवाजांत म्हणाले. "तात्यांच्या वेळेपासून चालत आलंय."

त्यांचें म्हणणें खरें होतें. नातवानें पोतें बाजूस केलें, तेव्हां खालून एक गोल दगड निघाला. मी तो ओळखला. आमच्या आजीच्या जात्याची ती फुटलेली तळी. चारीला प्रथम पाणी आलें त्या दिवशीं आईनें पाण्याची ओटी भरली होती, आणि तात्यांनीं मला सांगितलें होतें, "जा, परसांतली ती जात्याची तळी घेऊन ये." आठ-नऊ वर्षांचा मी ती छातीशीं धरून, धापा टाकीत घेऊन आलों होतों, आणि त्या कामाचा मला केवढा अभिमान वाटला होता! पन्नासांहून अधिक वर्षें ती तेथें होती. टोकाचे शेतकरी कांहीं बोलले नाहींत. त्यांना ते दगड ठाऊक नव्हते असें नाहीं. त्यांनीं मला "डोळ्यानं बघा" म्हटलें होतें, तें याचसाठीं.

रात्रीं मला कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील एक नियम आठवला. पाळी नसतां पाणी सोडणाऱ्यास सहा पणांचा दंड त्यांत सांगितला आहे, आणि दुसऱ्याचें पाणी प्रमादानें अडविणाऱ्यासही तेवढाच. प्रमाद म्हणजे दुष्टपणा नव्हे, बेसावधपणा. तात्या दुष्ट नव्हते. आपली पट्टी भिजावी, एवढेंच त्यांनीं पाहिलें. वर तुंबविलेल्या पाण्याचा वेग मोडतो, वेग मोडला कीं गाळ पडतो, आणि तो गाळ कोसभर पुढच्या माणसाच्या हळदीचें पाणी तोडतो, ही सांखळी त्यांना दिसली नाहीं. शिकूनसवरून मलाही ती दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशीं दगड निघाले. मला वाटलें होतें, आतां पाणी मोकळें होईल आणि साचलेला गाळ आपणच वाहून नेईल. नातू म्हणाला, "नाही आजोबा, बसला तो बसला." वाळू एकमेकींस चिकटत नाहीं, म्हणून तिला उचलणें त्या मानानें सोपें. चिकणमाती मंद पाण्यांत पडते, पण एकदां बसून घट्ट झाली कीं तिला पुन्हां उठविण्यास वाळूहूनही कितीतरी अधिक वेग लागतो. आणि तेवढा वेग दिला तर चारीचे कांठच राहणार नाहींत. म्हणजे फावडें हाच उपाय.

बंधूंची अडचणही खोटी नव्हती. "आपल्या वरच्या पट्टीचं काय?" असें त्यांनीं विचारलें. तिला पाणी चढविण्यास लहान पंप घ्यावा व त्याचा खर्च माझ्या पेन्शनींतून व्हावा, असें ठरलें. तें त्यांना फारसें आवडलें असें नाहीं. परंतु पाळी बंद झाल्यावर फावडें घेऊन चारींत पहिले उतरले ते तेच. टोकाचे शेतकरी, त्यांचे मुलगे आणि मधले दोन शेजारी असे सगळे मिळून आठ दिवस खपले. निघालेला गाळ ज्यानें त्यानें आपापल्या शेतांत टाकला; बेशरम मुळासकट उपटून काढलें. पुढची पाळी सुटली तेव्हां मी हिंगोलीस होतों. तिसऱ्या दिवशीं फोन आला.

"गुरुजी, पाणी आलं. हळदीला उशीर झाला, ती गेल्यासारखीच. पण गहू वाचला."

मीं विचारलें, "पाणी कसें वाहतें आहे?"

तो हंसला व म्हणाला, "मी काडी टाकून बघितली. तुमच्या नातवाला सांगा, कुठं अडकली नाही."

जात्याची तळी मीं घरीं आणली आहे. ती तुळशीपाशीं ठेवावी असें घरांतल्या मंडळींचें मत पडलें, आणि तेथेंच ती आहे.